एक, तीन, दोन

फुलेवाडीत, तिसऱ्या स्टॉपपासून आत,
पत्र्याच्या शेडखाली आमची मारुती आठशे
थंडी भरल्यागत थरथरते.
दसरा चौकात सिग्नलला थांबली की
मागचा रिक्षावाला ओरडतो,
"ताई, गाडी हाय का गिरण?"

दादा म्हणतो, भंगारात घाला.
फोनवरून म्हणतो, शारजाहून.
धाकटा पैसे पाठवतो, मत पाठवत नाही.
मधली मी. सात वर्षं पुण्यात,
"मी जातो" म्हटलं की हसणाऱ्या बायकांत
"मी जाते" शिकून
परत आलो.

आप्पांना ऐकू येत नाही.
उद्यमनगरात एकतीस वर्षं फाउंड्रीच्या फेटलिंगला,
ग्राइंडरनं कान खाल्ले
आणि मालकानं निरोपाला घड्याळ दिलं, गजराचं.
ते बॉनेटवर तळवा ठेवतात,
म्हैस गाभण आहे का बघायला ठेवावा तसा.
डोळे मिटून म्हणतात,
"तिनातलं एक जेवंना."

पकडीच्या दांडीला सायकलची ट्यूब गुंडाळून
मी पहिली वायर उपटली: इंजिन मरायला टेकलं.
लावली परत. तिसरी उपटली: तसंच, गुडघ्यात वाकलं.
दुसरी उपटली
आणि काहीच झालं नाही.
थरथरत होती तशी थरथरत राहिली.
तपासायची रीतच अशी आहे,
एकेकाला बाजूला काढून बघायचं
कुणावाचून अडत नाही.
मी दोन बोटं वर केली.
आप्पांना ते तळव्यात आधीच कळलं होतं.

प्लग काढला. ओला, काळा,
न जळलेलं सगळं अंगावर घेऊन बसलेला.
पॉलिश पेपरनं घासला, फट बघितली,
पहिल्याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला.
फरक नाही.
भोकावर अंगठा धरला, आप्पांनी सेल्फ मारला,
हवेनं अंगठा फटकन उडवला.
"दम हाय की," मी ओठ मोठे करून म्हटलं.
"मग मेला न्हाई त्यो."

भिंतीवरून नजीर मुल्लाणी: "कार्ब्युरेटर खोला."
मागं आमचा मिक्सर बंद पडला
तेव्हाही हेच म्हणाले होते.

नऊ वाजता आप्पांनी शेडमधला बल्ब घालवला,
रस्त्याच्या बाजूला पोतं अडकवलं.
"चालू कर. आन बघ."
आधी काहीच दिसेना.
मग दुसऱ्या वायरच्या पोटाशी,
जिथं ती लोखंडाला घासून घासून चिरली होती,
निळा टिपका. टिक्. परत, टिक्.
ठिणगी निघत होती, पाळी धरून,
एक, तीन, दोन,
दुसऱ्याची सगळ्यात शेवटी, पण चुकत नव्हती.
वाटेतच लोखंडात मुरत होती.

आप्पा वाकून बघत राहिले.
मग बहिऱ्या माणसाच्या मापानं, नको एवढ्या मोठ्यानं:
"त्याच्यात खोट न्हवती गं!
त्याच्यापतूर कायच पोचत न्हवतं!"
अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.
मी पकड शोधत बसलो. हातातच होती.

ट्यूबची पट्टी, वर काळी टेप,
वायर सुतळीनं लांब बांधली.
उद्या उद्यमनगरातून नवा सेट.
चालू केली. शेडचा पत्रा वाजायचा थांबला.
चाकाखालचं कुत्रं डोकं वर करून बघायला लागलं.

साडेदहाला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
म्हशी होत्या अजून. इंजिन चालू ठेवून उतरलो.
आप्पांनी फेसाळता पेला बॉनेटवर ठेवला
आणि कमरेवर हात देऊन फेसाकडं बघत उभे.
"पिणार का बघणार?" दूधवाला म्हणाला.
त्यांना ऐकू आलं नाही.
फेस हळूहळू बसला, आपला आपण.

मिशी पुसत त्यांनी विचारलं,
"दादाला सांगणार काय?"
मी बोटानं नाही म्हटलं.
"बरं," ते म्हणाले. "सेल्फ बी जरा ओढतोय.
उद्याच्याला बघू."